झांस्करचा प्रवास आखून घेताना: नौपाड्यातील एका नियोजन-सेवेचा अनुभव

ठाण्यात नौपाड्यातल्या गोखले रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, प्रवासाचे नियोजन करून देणारे एक छोटे कार्यालय आहे. सहली काढणे हा त्यांचा व्यवसाय नाही. ते विमानाची तिकिटे काढत नाहीत, हॉटेलांकडून दलाली घेत नाहीत आणि सोबत माणूसही पाठवत नाहीत. प्रवाशाला कुठे जायचे आहे, सवड किती आहे, वय आणि प्रकृती कशी आहे व खिशाला किती झेपेल एवढे विचारून ते त्या प्रवासाचा लेखी आराखडा तयार करतात आणि त्याचे शुल्क घेतात. आम्ही चौघांनी लडाखमधल्या झांस्करच्या प्रवासासाठी ही सेवा घेतली. शुल्क चौघांचे मिळून नऊ हजार रुपये, जीएसटी वेगळा. कार्यालयाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहायच्या आहेत. शिवाय असे काम करणारी मंडळी आता ठाणे-डोंबिवलीपासून वाशी-नेरुळपर्यंत ठिकठिकाणी आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाकडेही जाताना काय मागून घ्यावे हे वाचकाला कळणे अधिक उपयोगाचे आहे.

आम्ही चौघे म्हणजे मी, माझे पती, धाकटे दीर आणि जाऊ. सगळे पन्नाशी ओलांडलेले. सह्याद्रीत चालण्याची सवय आहे, माहुली आणि कळसूबाई दोन्ही पायांखालून गेलेले आहेत. पण कळसूबाईचे शिखर, म्हणजे महाराष्ट्रातले सर्वांत उंच ठिकाण, १,६४६ मीटरवर आहे आणि झांस्करचे मुख्य गाव पदुम ३,६०० मीटरहून उंच आहे. आपल्याकडे जिथे डोंगर संपतो, त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर रोज रात्री झोपायचे, हा या प्रवासाचा खरा प्रश्न आहे. ठाण्यासारख्या खाडीकाठच्या गावातून निघणाऱ्या माणसाला तो आणखी जाचतो. पदुमच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरतो, आणि वाटेतल्या सर्वांत उंच खिंडीत तो जेमतेम निम्म्यावर येतो.

पहिल्या बैठकीत आम्ही पाहायच्या ठिकाणांची लांबलचक यादी घेऊन गेलो होतो. नियोजन करणाऱ्या बाईंनी ती हातात घेतली, वाचली आणि बाजूला ठेवली. त्या म्हणाल्या, “काकू, ठिकाणं नंतर. आधी चौघांच्या चालू गोळ्यांची यादी द्या.” मग रक्तदाब, दमा, झोपेत घोरणे, पूर्वी कधी उंचावर जाऊन त्रास झाला होता का, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी आहे का, गुडघे कसे आहेत, अशी दीड पानांची प्रश्नावली त्यांनी भरून घेतली. सहल कंपन्यांच्या कार्यालयांत आजवर मला शाकाहारी की मांसाहारी एवढेच विचारले गेले आहे. मनातल्या मनात पहिला गुण मी तिथेच दिला.

दुसऱ्या बैठकीत भिंतीवरच्या मोठ्या नकाशापुढे उभे करून त्यांनी आम्हाला प्रदेश समजावून सांगितला, आणि या सेवेतला हा भाग मला सर्वांत जास्त आवडला. झांस्कर पर्वतरांग आणि झांस्करचे खोरे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्यापैकी कोणालाच धड माहीत नव्हते. खोऱ्याच्या नैर्ऋत्येला हिमालयाची मुख्य रांग आहे, आणि ईशान्येला, सिंधू नदी आणि हे खोरे यांच्यामध्ये, झांस्कर रांग पसरली आहे. नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी पाऊस मुख्य रांगेवरच अडतो, त्यामुळे पलीकडचा प्रदेश कोरडा, उघडावाघडा आणि मातीच्या नाना रंगांचा दिसतो. तिथले खडकही टेथिस नावाच्या प्राचीन समुद्राच्या तळाशी साठलेल्या गाळाचे आहेत. हे सगळे ऐकून प्रवासाची आखणी कशी सुधारते, असे कोणी विचारेल. उत्तर असे की, दोन रांगांच्या मधल्या या खळग्यात शिरण्यासाठी वाटा मोजक्याच असणार हे नकाशा पाहताक्षणी कळते, आणि आखणीतला निर्णायक प्रश्न ‘काय पाहायचे’ हा नसून ‘कुठून शिरायचे आणि कुठून बाहेर पडायचे’ हा आहे, हेही आपोआप उमगते.

मोटार जाईल असे दरवाजे आज तीन आहेत. पहिला जुना, कारगिलहून ‘सुरू’ नावाच्या नदीच्या खोऱ्यातून आणि सुमारे ४,४०० मीटर उंचीच्या पेन्सी खिंडीतून पदुमला येणारा. दुसरा दक्षिणेकडून, मनाली, अटल बोगदा, दारचा आणि ५,००० मीटरहून उंच असलेली शिंकू खिंड असा. तिसरा उत्तरेकडून, लेहजवळच्या निम्मू गावाहून झांस्कर नदीच्या घळीतून वर येणारा. निम्मू, पदुम आणि दारचा यांना जोडणारा २९८ किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने मार्च २०२४ मध्ये अखंड जोडला, त्यामुळे दुसरा आणि तिसरा दरवाजा आता एकाच रस्त्याची दोन टोके झाली आहेत. एके काळी हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून चालत जाण्यावाचून ज्या खोऱ्याला पर्याय नव्हता, तिथे आता वाट निवडण्याची चैन करता येते. नवख्या माणसाचा घोळ होतो तो नेमका ही निवड करताना.

आमचा स्वतःचा विचार सरळ होता: मुंबईहून विमानाने लेह, तिथून निम्मूमार्गे पदुम, आणि आलो तसे परत. नियोजनबाईंनी तो फेटाळला नाही, फक्त कागदावर प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची लिहून दाखवली. ठाणे जवळजवळ शून्य, आणि दुसऱ्याच रात्री लेह ३,५०० मीटर. पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य दंडक असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. विमानाने थेट लेह गाठणारा प्रवासी हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो आणि मग तिथे दोन-तीन दिवस स्वस्थ पडून त्याची भरपाई करतो. हजारो लोक तसे करतात आणि बहुतेकांचे निभावते. पण साठीला टेकलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसांनी ते करण्याचे कारण काय, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यावर ‘वेळ वाचतो’ यापलीकडे आमच्याकडे उत्तर नव्हते. तो वेळही लेहमध्ये अंथरुणावरच जाणार होता.

मनालीकडून शिरण्याचा दुसरा पर्यायही त्यांनी असाच कागदावर उलगडून दाखवला. मनाली सुमारे २,०५० मीटर, लाहौलमधले केलाँग किंवा जिस्पा त्याहून हजारभर मीटर वर, इथपर्यंत ठीक. पण पुढच्याच दिवशी शिंकू खिंड ओलांडून पलीकडे उतरले की कारग्याकसारखी पहिली गावे ४,००० मीटरच्या वर आहेत. म्हणजे शरीर सगळ्यांत कच्चे असताना सगळ्यांत उंच रात्र वाट्याला येते. खिंडीपलीकडे कोणाला बरे वाटेनासे झाले, तर मागे फिरायला पुन्हा तीच खिंड चढावी लागते.

म्हणून आराखडा उलटा बसवण्यात आला. विमानाने श्रीनगर, १,५८५ मीटर. तिथून सोनमर्गला मुक्काम, मग झोजिला घाट ओलांडून द्रासमार्गे कारगिल, २,६७६ मीटर. झोजिला ३,५०० मीटरच्या पुढे आहे खरा, पण तिथे झोपायचे नाही, तासाभरात उतरायचे आहे. कारगिलहून सुरू खोऱ्यात एक मुक्काम, कारगिल आणि पदुम यांच्या मधल्या उंचीवर. मग पेन्सी खिंड ओलांडून पदुम, आणि तिथे लागोपाठ काही रात्री. शेवटी, शरीर मुरल्यावर, शिंकू खिंडीतून दारचा-जिस्पाकडे उतरून मनाली. सर्वांत उंच खिंड सर्वांत शेवटी, आणि तीही उतरणीकडे तोंड करून. एकाही मुक्कामाची उंची अंगावर येत नाही. मी बँकेत असताना कर्जाच्या हप्त्यांची कोष्टके आयुष्यभर पाहिली. इतके समंजस कोष्टक फार थोडे पाहिले. शुल्कातली निम्मीअधिक रक्कम या एका पानाची आहे असे मी मानते.

याला आणखी एक बाजू आहे, जी आमच्या ध्यानातही आली नसती. पदुममध्ये कोणाला फुप्फुसात पाणी होण्यासारखा गंभीर त्रास झाला तर पहिला इलाज खाली उतरवणे हाच असतो; पण पेन्सी किंवा शिंकू या दोन्ही वाटांनी बाहेर पडायचे तर आधी वर चढावे लागते. निम्मूचा रस्ता मात्र नदीकाठाने जातो आणि त्या बाजूला उंच खिंड नाही. म्हणून आराखड्यात तो रस्ता ‘प्रवासाचा’ नव्हे, तर ‘आणीबाणीचा’ म्हणून नोंदवला होता: पदुमचे आरोग्य केंद्र, तिथून निम्मूमार्गे लेहचे सोनम नोरबू स्मारक रुग्णालय, गाडी कोणाकडून मिळेल, आणि रात्री का निघू नये. आम्हाला त्याची गरज पडली नाही. पण खिशात तो कागद आहे एवढ्यावर माझे दीर, जे एरवी प्रत्येक गोष्टीची काळजी करतात, पदुममध्ये शांत झोपले.

वगळलेल्या गोष्टींचाही उल्लेख करायला हवा. जाऊबाईंची पँगाँग सरोवर पाहण्याची फार इच्छा होती. “वहिनी, ते दुसऱ्या प्रवासात,” एवढेच उत्तर मिळाले, आणि त्याचे कारण अंतराच्या तक्त्यासह दिले गेले. दररोजच्या प्रवासाला तासांची मर्यादा घातली होती आणि दोन राखीव दिवस मोकळे सोडले होते, ज्यांवर कोणतेही ठिकाण लिहिलेले नव्हते. सहल कंपनीच्या पत्रकात असा कोरा दिवस कधी दिसत नाही, कारण कोरा दिवस विकता येत नाही. डोंगरात मात्र तोच सर्वांत आधी खर्ची पडतो. झांस्करमधल्या फुगताल गोंपाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, वरच्या बाजूला ३१ डिसेंबर २०१४ रोजी दरड कोसळून नदी अडली, तिथे तळे तयार झाले आणि ७ मे २०१५ रोजी ते फुटून खालचे पूल वाहून गेले. ज्या प्रदेशात नदी अशी महिनोन्‌महिने अडून राहू शकते, तिथे परतीच्या विमानाचे तिकीट शेवटच्या मुक्कामाला अगदी चिकटून काढू नये, असे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले होते. आमचा एक राखीव दिवस सुरू खोऱ्यात रस्त्याच्या कामामुळे वापरला गेला. दुसरा उरला, तो आम्ही करशा गोंपाच्या पायऱ्यांवर आणि खालच्या जवाच्या शेतांत आरामात घालवला.

काळ निवडण्याचा सल्लाही नेमका होता. जून-जुलैत खिंडींवर बर्फ आणि ओढ्यांना वितळलेले पाणी अधिक, ऑगस्टमध्ये गर्दी आणि हिमाचलच्या बाजूला पावसाने दरडी, ऑक्टोबरात रात्री फार थंड. म्हणून सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. त्या दिवसांत कापणी चालू असते आणि नद्या उतरलेल्या असतात. ओढ्यांबद्दलची एक सूचना मी प्रत्येकाला सांगते: हिमनदीतून येणारा ओढा रस्ता ओलांडून वाहत असेल तर तो सकाळी पार करावा, कारण दुपारी ऊन चढले की बर्फ वितळून पाणी वाढते. पदुमहून शिंकूकडे निघताना पहाटेचा चहा घेऊन गाडीत बसायचे, हे आराखड्यात वेळेसह दिले होते. गोंबो रांगजोन हा एकटा उभा ठाकलेला पहाड सकाळच्या उन्हात पाहायला मिळाला, तो या सावधगिरीचा वरकड लाभ.

मुक्कामांमध्ये त्यांनी फुगतालसाठी वेगळा दिवस ठेवला होता आणि तो योग्यच होता. गुहेच्या तोंडाशी कड्याला बिलगून बांधलेल्या या गोंपाला जाताना शेवटचा टप्पा पायी आहे. आम्ही तो हळूहळू, दर वळणावर बसत केला. सोबत दिलेल्या दोन पानी टिपणात हंगेरीच्या अलेक्झांडर चोमा द कोरोश याची माहिती होती: तो १८२३ मध्ये झांस्करमधल्या झांगला येथे येऊन राहिला, पुढे फुगतालमध्येही शिकला, आणि त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १८३४ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. असे टिपण प्रवासाआधी वाचलेले असले की झांगलाचा पडका वाडा पाहताना वाटाड्याची वाट पाहावी लागत नाही. सानी, स्तोंगदे या गोंपांवरही दोन-दोन ओळी होत्या. त्या मला अपुऱ्या वाटल्या.

तयारीच्या भागात सेवेने ठाण्याचा चांगला उपयोग करून घेतला आहे. निघण्याआधी तीन महिने, आठवड्यातून चार दिवस येऊरच्या चढावर चालणे, दर पंधरवड्याला माहुली किंवा गोरखगडासारखा एक दमवणारा गड, आणि जाण्याआधीच्या आठवड्यात पूर्ण विश्रांती. त्याचबरोबर हेही स्पष्ट लिहिले होते की येऊर कितीही वेळा चढलात तरी विरळ हवेची सवय त्याने होत नाही. पाय तयार होतात, फुप्फुसांचे काम तिथे जाऊनच होते, आणि धडधाकट माणूस वेगात चालतो म्हणून उलट त्यालाच त्रास अधिक संभवतो. आमच्या सोसायटीतल्या मॅरेथॉनवीरांनी हे वाक्य वाचायला हवे.

औषधांबाबत त्यांनी आपली मर्यादा ओळखली, हे मला आवडले. अ‍ॅसिटाझोलामाइड म्हणजे बाजारात डायमॉक्स म्हणून ओळखली जाणारी गोळी कशासाठी घेतात, ती घेतल्यावर लघवी वारंवार का होते आणि बोटांना मुंग्या का येतात, हे समजावले; पण घ्यावी की नाही आणि किती, हे आमच्या डॉक्टरांकडूनच लिहून आणायला लावले, आणि ती चिठ्ठी आल्याशिवाय अंतिम आराखडा दिला नाही. जाऊबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांशी त्याचा मेळ बसतो का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा आहे, हेही त्यांनीच चिठ्ठीवर लिहून दिले होते.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, म्हणून चौघांपैकी किमान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची पोस्टपेड जोडणी असावी. रोख रक्कम कारगिललाच काढून ठेवावी. ज्या भागाची टॅक्सी त्या भागात, हा तिथल्या टॅक्सी संघटनांचा आग्रह असल्यामुळे श्रीनगरची गाडी कारगिलला सोडून द्यावी. हे सगळे बरोबर निघाले. खाण्याबाबतची सूचना तर थेट स्वयंपाकघरातली होती. पदुमच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. होमस्टेमध्ये वरणाचा हट्ट धरू नये, थुक्पा (शेवयांचे गरम सूप) किंवा भात-भाजी जे असेल ते खावे, आणि घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी व भाजणी न्यावी. मेतकूट आणि गरम भात आमच्या यजमानीणबाईंनाही इतका आवडला की डबा तिथेच ठेवून आलो.

आता उणिवा. पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी ही की, शौचालयांबद्दल संपूर्ण आराखड्यात एक अक्षर नव्हते. झांस्करमधल्या अनेक घरांत पारंपरिक कोरडे शौचालय असते. वरच्या खोलीत जमिनीला भोक, आणि वापर झाला की फावड्याने माती-राख टाकायची. पाण्याची टंचाई आणि गोठवणारा हिवाळा पाहता ही व्यवस्था अत्यंत शहाणपणाची आहे आणि तिच्यातून शेताला खतही मिळते. परंतु गुडघेदुखी असलेल्या बाईला रात्री थंडीत, अंधारात तिथे उकिडवे बसणे किती अवघड जाईल, हा विचार नियोजनात व्हायलाच हवा होता, विशेषतः प्रश्नावलीत गुडघ्यांचा प्रश्न विचारून उत्तर लिहून घेतलेले असताना. कमोड असलेली अतिथिगृहे पदुममध्ये आहेत. जाऊबाईंसाठी तशी खोली आधीच सुचवता आली असती. त्यात अ‍ॅसिटाझोलामाइडने रात्रीच्या फेऱ्या वाढतात, हे तर त्यांनीच सांगितले होते. परत आल्यावर मी हे कळवले, तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतले आणि प्रश्नावलीत पुढच्या वेळेपासून भर घालू असे सांगितले.

दुसरी उणीव खर्चाच्या अंदाजाची. गाड्यांचा खर्च त्यांनी एका बाजूच्या अंतरावर धरला होता. पदुमहून शिंकूमार्गे जिस्पाला सोडणारी गाडी रिकामी परत येणार असते आणि तिच्या परतीचे भाडेही प्रवाशालाच द्यावे लागते. कारगिल ते पदुम या सुमारे २४० किलोमीटरच्या टप्प्यावरही हाच प्रकार झाला. एका वाटेने शिरून दुसऱ्या वाटेने बाहेर पडण्याची शिफारस ज्यांनी केली, त्यांनी त्या शिफारशीची पूर्ण किंमत सांगायला हवी होती. आम्ही ती तरीही स्वीकारली असती. पण ऐनवेळी रोख रकमेचा हिशेब पुन्हा मांडावा लागला, आणि तो चौघांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मांडला.

तिसरी गोष्ट भाषेची. बोलणे सगळे मराठीत, आणि हाती दिलेली फाइल इंग्रजीत. आम्हाला त्याची अडचण नाही. परंतु आणीबाणीचे पान तरी हिंदीत असायला हवे, कारण प्रवाशाला बोलता येत नसेल अशा वेळी ते पान वाचणार आहे तो चालक किंवा होमस्टेचा मालक. आम्ही निघण्याआधी त्या पानाचा हिंदी मजकूर माझ्या पतींनी हाताने लिहून पाठीमागे चिकटवला. सामानाची यादीही तंबूत राहणाऱ्या गिर्यारोहकांच्या प्रवासासाठी केलेली दिसत होती. घरात राहणाऱ्यांना आइस अ‍ॅक्सचा, म्हणजे बर्फात वापरायच्या कुऱ्हाडीचा, उपयोग काय, हे मला अजूनही कळलेले नाही. प्रवास विम्याबद्दल ‘विमा काढावा’ एवढीच ओळ होती. विम्याच्या पत्रात किती उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे पाहायला सांगणे आवश्यक होते. ते कलम बारीक अक्षरांत असते आणि अनेक साध्या पॉलिसींमध्ये नसतेच.

प्रवासादरम्यान फोनवर मदत हा शुल्काचाच भाग आहे, आणि ती खरोखर मिळाली. सुरू खोऱ्यात अडकलो तेव्हा फोन पहिल्या घंटेला उचलला गेला, पदुमच्या खोलीमालकांना त्यांनीच कळवले आणि पुढचे दोन मुक्काम कसे सरकवायचे ते अर्ध्या तासात लिहून पाठवले. मात्र पदुमच्या पुढे फोनची खात्री नाही, त्यामुळे या मदतीवर किती विसंबायचे याचा अंदाज प्रत्येकाने स्वतः घ्यावा.

नऊ हजार रुपये योग्य आहेत का? ज्यांना लेह, नुब्रा, पँगाँग असा नेहमीचा फेरा करायचा आहे, त्यांना मी या सेवेचे शुल्क भरायला सांगणार नाही. तिथे वाटा मळलेल्या आहेत आणि ठाण्यातल्या कोणत्याही बऱ्या सहल कंपनीकडे ते काम होते. ज्यांना सोबत व्यवस्थापक, ठरलेल्या वेळी नाश्ता आणि सामान उचलायला माणूस हवा आहे, त्यांनाही ही सेवा मानवणार नाही, कारण आराखडा हातात आल्यावर फोन करणे, खोल्या पक्क्या करणे, चालकाशी बोलणे हे सगळे आपल्यालाच करायचे असते. आमच्या घरात ते काम दिरांनी आवडीने केले. परंतु विरळ हवेच्या, तुरळक वस्तीच्या पर्वतराजीत पहिल्यांदा, थोडे उतारवयात आणि स्वतःच्या जबाबदारीवर जायचे असेल, तर मुक्कामांचा क्रम आणि परतीची वाट जाणकाराकडून तपासून घेण्यासाठी ही रक्कम मला अजिबात जास्त वाटली नाही. चौघांच्या विमानभाड्याच्या तुलनेत ती किरकोळच होती.

शिंकू खिंडीखाली ४.१ किलोमीटर लांबीच्या बोगद्याचे काम २६ जुलै २०२४ रोजी पहिल्या सुरुंगाने सुरू झाले आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्याने लाहौलची जी स्थिती बदलली, तशी ती झांस्करचीही बदलेल आणि मग मनालीकडून शिरण्याचा हिशेबही वेगळा मांडावा लागेल. त्यामुळे आमचा आराखडा कोणाला तसाच उतरवून घ्यायचा असेल, तर रस्त्यांची ताजी स्थिती विचारूनच घ्यावा. कार्यालय रविवारी बंद असते, भेटीची वेळ फोनवर आधी ठरवावी लागते, आणि सप्टेंबरचा प्रवास असेल तर एप्रिल संपायच्या आत जावे, कारण प्रश्नावली, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन बैठका यांत महिना सहज जातो. जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात, शौचालयाचा आणि गाडीच्या परतीच्या भाड्याचा प्रश्न आपणहून काढावा, आणि शेवटचे पान हिंदीत मागून घ्यावे. इमारतीला लिफ्ट नाही.